मोफत मिळालेलं विकावं का? एका दीडशे रुपयांच्या ॲपवरून सुचलेला इतिहास

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या लॅबमधली एक ज्युनिअर फोन घेऊन माझ्या टेबलाशी आली. "ताई, हे बघ, कॉलन्या मोजायचं ॲप. दीडशे रुपयांना घेतलं, पण भारी चालतंय." पेट्री डिशचा फोटो काढायचा, की ॲप जिवाणूंच्या वसाहती मोजून आकडा सांगतं. डिशच्या मागच्या बाजूला मार्करने एकेक ठिपका मारत ज्यांनी कधी अडीचशे कॉलन्या मोजल्या आहेत, त्यांना याचं मोल कळेल. मी सहज माझी एक डिश कॅमेऱ्यासमोर धरली. हात जरा कलला आणि स्क्रीनवर मराठीत ओळ आली: "प्लेट तिरकी आहे, नीट धर बाई."

ती ओळ माझी आहे.

म्हणजे अगदी शब्दशः माझी. दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या सोयीसाठी मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. रात्री अकराला एकटीच लॅबमध्ये असताना स्वतःलाच दटावायला ही सूचना त्यात घातली होती. नंतर तो कोड गिटहबवर टाकला आणि विसरून गेले. कुणीतरी तो उचलला, त्याचं फोनवरचं ॲप केलं आणि विकायला ठेवलं. 'नीट धर बाई' काढायचं राहून गेलं, एवढंच.

पहिली प्रतिक्रिया अर्थातच संतापाची होती. फुकट ठेवलेल्या गोष्टीचे पैसे घेतो म्हणजे काय? माझं नाव तर कुठेच नाही! रात्री तावातावाने तक्रारीचं पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडखळले. त्याने नक्की चूक काय केली, हे मला सांगता येईना. पुढचे काही आठवडे प्रबंध बाजूला ठेवून मी याच विषयाचा इतिहास वाचत बसले. (मॅडमना कळवू नका.) त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवते.

आधी सगळंच 'सोबत' मिळायचं

आज आपल्याला वाटतं की सॉफ्टवेअर मुळात विकायचीच वस्तू होती आणि मग काही भल्या माणसांनी ते फुकट वाटायला सुरुवात केली. घडलं उलटं. १९५० आणि ६० च्या दशकात आयबीएमसारख्या कंपन्या यंत्र विकायच्या किंवा भाड्याने द्यायच्या, प्रोग्रॅम त्याच्यासोबत यायचे. १९५५ मध्ये आयबीएमचं संगणक वापरणाऱ्यांनी एक संघटना काढली, तिचं नावच 'शेअर'. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने सुधारून तिसऱ्याला. जून १९६९ मध्ये, मक्तेदारीविरोधी खटल्याच्या सावटाखाली, आयबीएमने जाहीर केलं की यापुढे सॉफ्टवेअरची किंमत वेगळी लावली जाईल. सॉफ्टवेअर नावाचा स्वतंत्र धंदा उभा राहायला इथून मोठी चालना मिळाली.

सात वर्षांनी, फेब्रुवारी १९७६ मध्ये, वीस वर्षांच्या बिल गेट्सने संगणकाच्या हौशी मंडळींना एक जाहीर पत्र लिहिलं. त्याच्या कंपनीने अल्टेअर या यंत्रासाठी बेसिक भाषा तयार केली होती, आणि हौशी मंडळी तिच्या कागदी फितींच्या नकला करून बिनदिक्कत वाटत होती. गेट्सचा मुद्दा साधा होता: महिनोन्महिने खपून केलेलं काम असं फुकट उचललं, तर चांगलं सॉफ्टवेअर लिहिणार कोण?

प्रश्न खोटा नव्हता. त्याला हौशी मंडळींकडून आलेलं एक उत्तर मला फार आवडलं. त्याच वर्षी 'टायनी बेसिक' नावाच्या छोट्या भाषेच्या अनेक आवृत्त्या लोकांनी लिहिल्या. काहींनी कोड सरळ मासिकात छापून टाकला. टॉम पिटमन या प्रोग्रॅमरने आपली आवृत्ती पाच डॉलरला विकली. नक्कल करत बसण्यापेक्षा विकत घेणं सोपं वाटावं, इतकी कमी किंमत. म्हणजे 'विकणारे' आणि 'वाटणारे' अशा दोन जाती तेव्हाही नव्हत्या. मधे बरीच माणसं होती.

दीडशे डॉलरची फीत

आता या कथेतला मुख्य माणूस: रिचर्ड स्टॉलमन. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत तो काम करायचा. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल, अशी सोय त्याने कोड बदलून केली होती. पुढे झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. त्याचा मूळ कोड मिळेना. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो होता, पण गुप्ततेच्या करारावर सही केलेली असल्यामुळे त्याने द्यायला नकार दिला. कागद अडकायचा तो अडकतच राहिला.

सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमनने 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. संपूर्ण मुक्त अशी संगणकप्रणाली लिहायची, हा संकल्प. १९८४ च्या सुरुवातीला त्याने एमआयटीची नोकरी सोडली. मग पोटापाण्याचं काय? तर तो स्वतःचा इमॅक्स हा संपादक चुंबकीय फितीवर भरून विकायचा. एका फितीला दीडशे डॉलर. नेटवर्क होतं त्यांना तोच इमॅक्स फुकट उतरवून घेता यायचा. ज्यांच्याकडे ती सोय नव्हती ते पैसे पाठवायचे आणि फीत मागवायचे.

हे वाचून मी खुर्चीत सावरून बसले. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा जनक आपलं सॉफ्टवेअर विकत होता, आणि त्यात त्याला काडीचंही वावगं वाटत नव्हतं!

इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दात दोन अर्थ कोंबलेले आहेत, म्हणून तिकडे चाळीस वर्षं हा गोंधळ चालू आहे. आपल्याकडे सुदैवाने दोन शब्द आहेत: मोफत आणि मुक्त. मोफत हा किमतीचा प्रश्न आणि मुक्त हा हक्कांचा. प्रोग्रॅम चालवायचा, उघडून बघायचा, बदलायचा, दुसऱ्याला द्यायचा हक्क घेणाऱ्याला असेल तर तो मुक्त. मग तुम्ही त्याचे शून्य रुपये घ्या नाहीतर हजार.

मग स्टॉलमनचं भांडण कशाशी होतं? ते इमॅक्सच्याच एका प्रकरणातून कळतं. जेम्स गॉस्लिंगने (होय, तोच, ज्याने पुढे जावा भाषा तयार केली) युनिक्ससाठी इमॅक्सची एक आवृत्ती लिहिली होती. ती लोकांमध्ये खुलेपणाने फिरत होती. नंतर गॉस्लिंगने तिचे हक्क युनिप्रेस नावाच्या कंपनीला विकले. स्टॉलमनच्या नव्या इमॅक्समध्ये त्या आवृत्तीतला काही कोड होता. कंपनीने हरकत घेतल्यावर १९८५ मध्ये त्याला तो भाग काढून नव्याने लिहावा लागला. दुखणं पैसे घेण्याचं नव्हतं. काल सगळ्यांसाठी उघडं असलेलं दार आज बंद झालं, हे दुखणं होतं.

त्यावरचा त्याचा उपाय १९८९ मध्ये 'जीपीएल' या परवान्याच्या रूपात पक्का झाला. युक्ती अशी: कोडवर स्वामित्वहक्क सोडायचा नाही, उलट तो ठेवायचा आणि त्याच्या जोरावर अट घालायची. हा कोड घ्या, बदला, विका, कितीही किंमत लावा. पण ज्याला द्याल त्याला मूळ कोडही द्या, आणि तुम्हाला मिळालेले सगळे हक्क जसेच्या तसे द्या. थोडक्यात, तुम्ही ज्या दारातून आत आलात ते मागच्याच्या तोंडावर लावू नका.

'पैसे घेऊ नका' हेही करून झालंय

तुम्ही म्हणाल, एवढा घोळ कशाला? सरळ 'विकायला बंदी' अशी अट घालावी. तीही घालून झाली आहे, आणि घालणारा माणूस साधासुधा नाही. १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्सने लिनक्सची पहिली आवृत्ती दिली, तेव्हा त्याच्या परवान्यात पैसे घ्यायला साफ मनाई होती. लवकरच अडचण आली. लोक लिनक्स फ्लॉपींवर भरून एकमेकांना देत होते. फ्लॉपीचा, वेळेचा खर्च तरी घ्यायचा की नाही? काही महिन्यांत, १९९२ च्या सुरुवातीला, टॉरवल्ड्सने ती अट काढली आणि लिनक्स जीपीएलखाली आणलं. लिनक्स आज अँड्रॉइड फोनपासून सर्व्हरपर्यंत जिथे जिथे आहे, तिथे ते पोचण्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे. पोचवणाऱ्याला पोट असतं, हे त्याने वेळीच ओळखलं.

पोट भरण्याचे मार्गही निघाले. १९८९ मध्ये सुरू झालेल्या सिग्नस या कंपनीने मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना पैसे घेऊन मदत द्यायचा धंदा केला. रेड हॅटने तो फार मोठा केला. ऑगस्ट १९९९ मध्ये रेड हॅटचे शेअर बाजारात आले. १४ डॉलरला दिलेला शेअर पहिल्या दिवसअखेर ५२ डॉलरच्या आसपास गेला. यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कंपनीने आधी शेकडो स्वयंसेवक प्रोग्रॅमरना पत्रं पाठवून मूळ किमतीत शेअर देऊ केले होते, कारण ज्या कोडवर कंपनी उभी होती त्यातला मोठा भाग त्यांनीच लिहिलेला होता. त्यातल्या काहींना दलाल कंपनीच्या पात्रतेच्या नियमांमुळे ते मिळाले नाहीत, यावरून रुसवेफुगवेही झाले. पण 'हे आपल्या एकट्याचं नाही' ही जाणीव त्या पत्रात होती. असं करा, असं जीपीएल सांगत नव्हतं. कायद्याच्या पलीकडे काहीतरी देणं लागतो, असं कंपनीला वाटलं.

मोफत ॲप, तरीही वाद

आता ॲपकडे येऊ. व्हीएलसी हा व्हिडिओ चालवणारा प्रोग्रॅम तुमच्यापैकी बहुतेकांच्या संगणकावर असेल, तोच नारिंगी शंकूवाला. पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो आला. २०१० मध्ये एका कंपनीने तो ॲपलच्या ॲप स्टोअरवर आणला. किंमत शून्य. तरीही व्हीएलसीच्याच एका विकसकाने हरकत घेतली: ॲप स्टोअरच्या अटी वापरणाऱ्यावर जी बंधनं घालतात, ती जीपीएलने दिलेल्या हक्कांशी जुळत नाहीत. जानेवारी २०११ मध्ये ॲपलने ते ॲप काढून टाकलं.

माझ्या मनातल्या गणिताच्या हे बरोबर उलट होतं. स्टॉलमनची दीडशे डॉलरची फीत चालते, आणि हे मोफत ॲप चालत नाही! पुढे व्हीएलसीच्या मंडळींनी जगभर विखुरलेल्या योगदात्यांना शोधून, एकेकाची संमती घेऊन परवाना बदलला. जुलै २०१३ मध्ये व्हीएलसी आयफोनवर परतला. दुसऱ्याने लिहिलेल्या ओळींचा परवाना त्याला न विचारता बदलता येत नाही, म्हणून एवढा खटाटोप.

पैसे घेऊन सगळ्यांना मान्य झालेली उदाहरणंही आहेत. 'कन्व्हर्सेशन्स' हे निरोप पाठवायचं ॲप गूगल प्लेवर विकत मिळतं. तेच एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारात मोफत आहे, कोडही उघडा आहे. चित्रं काढायचं 'क्रिता' स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत आणि स्टीमवर पैसे देऊन, आणि ते पैसे क्रिताच्याच कामाला लागतात. घेणाऱ्याला दोन्ही रस्ते माहीत आहेत, त्यामुळे फसवणूक कुठेच नाही.

उलट बाजूचंही उदाहरण बघा. 'सिंपल मोबाइल टूल्स' ही अँड्रॉइडवरची साध्या, जाहिरातमुक्त ॲप्सची मालिका खूप लोकप्रिय होती. २०२३ च्या शेवटी मूळ निर्मात्याने ती झिपोॲप्स या कंपनीला विकली. कोडमध्ये भर घालणाऱ्यांना वाटलं, आपल्याला न विचारता आपली मेहनत विकली गेली. पण कोड जीपीएलखाली होता, म्हणून त्यांच्यातल्याच एकाने तो घेऊन 'फॉसिफाय' या नावाने काम पुढे चालू ठेवलं. १९८५ मध्ये स्टॉलमनला कोड फेकून नव्याने लिहावा लागला होता. २०२३ मध्ये ती वेळ कुणावर आली नाही.

गाळ कोण उपसणार?

इथवर वाचून मला वाटलं, उत्तर मिळालं: विकायला हरकत नाही, दार बंद करू नका. पण मग ओपनएसएसएलचं प्रकरण वाचलं.

संकेतस्थळाशी तुमचं बोलणं सांकेतिक रूपात जावं यासाठी इंटरनेटचा फार मोठा भाग ओपनएसएसएल ही मुक्त कोडसंहिता वापरतो. ७ एप्रिल २०१४ रोजी तिच्यातली 'हार्टब्लीड' नावाची गंभीर चूक जाहीर झाली. सर्व्हरच्या स्मृतीतली गुप्त माहिती त्यातून बाहेर पडू शकत होती. मग लोकांनी चौकशी केली, हे सांभाळतं कोण? तर पूर्णवेळ काम करणारा एक माणूस आणि मूठभर साथीदार. वर्षाला मिळणाऱ्या देणग्या सुमारे २००० डॉलर. याच कोडवर ज्यांचे धंदे उभे होते त्या कंपन्यांनी कुठलाही परवाना मोडलेला नव्हता. नाव दिलं होतं, अटी पाळल्या होत्या. तरी काहीतरी चुकलंच होतं ना? त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांना एकत्र आणून अशा दुर्लक्षित प्रकल्पांसाठी निधी उभा केला.

मला यावर गावच्या विहिरीचं उदाहरण सुचतं. विहिरीचं पाणी कावडीने घरोघर पोचवून कुणी चार पैसे घेतले तर त्यात गैर काय? मेहनत त्याची आहे. विहिरीला कुलूप लावून 'आता माझ्याकडूनच घ्या' म्हटलं तर गाव उठेल. पण तिसरी गोष्ट आहे गाळ उपसण्याची. त्याचा नियम कुठल्याच परवान्यात लिहिलेला नसतो. कोड वापरल्याने कमी होत नाही, इतपत हा दृष्टान्त कच्चा आहे. पण कोडातही गाळ साचतो. प्रणाली बदलतात, चुका सापडतात, कुणाला तरी उतरावं लागतं.

तर त्या ॲपवाल्याचं काय?

मी कुठला परवाना दिला होता ते पाहिलं. एमआयटी. का? गिटहबने यादी दाखवली, त्यातला हा सर्वांत छोटा होता म्हणून. हा परवाना जवळजवळ सगळंच करू देतो. विका, बदला, कोड झाकून ठेवा. सोनीने प्लेस्टेशन ४ ची प्रणाली फ्रीबीएसडी या अशाच सैल परवान्याच्या कोडवर उभी केली, आणि त्यात बेकायदा काही नाही. एमआयटीची अट एकच: मूळ लेखकाची स्वामित्वहक्काची सूचना आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत ठेवा. ॲपवाल्याने नेमकं तेवढंच केलं नव्हतं.

त्याला तेवढंच लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं. तोही एक विद्यार्थीच निघाला. सूचना टाकायची असते हे माहीत नव्हतं म्हणाला, आणि पुढच्या आवृत्तीत टाकली. वेगवेगळ्या फोनच्या कॅमेऱ्यांशी जुळवून घेण्यात त्याचे चार महिने गेले होते. डिशच्या कडेला चिकटलेल्या कॉलन्या माझ्या कोडमध्ये नीट मोजल्या जात नव्हत्या, ती चूकही त्याने दुरुस्त केली होती. ती दुरुस्ती मला देशील का, असं मी विचारलं. "बघतो" म्हणाला. अजून बघतोय.

यात माझी बाजू अगदी स्वच्छ आहे असंही नाही. माझा प्रोग्रॅम ओपनसीव्ही या मुक्त कोडसंहितेवर उभा आहे. चिकटलेल्या कॉलन्या वेगळ्या करायची पद्धत तिच्यात तयार मिळाली, मी फक्त हाक मारली. माझ्या पहिल्या शोधनिबंधाच्या मसुद्यात ओपनसीव्हीचा उल्लेखसुद्धा नव्हता. 'माझं नाव कुठे आहे?' म्हणून भांडायला निघालेल्या बाईने स्वतः काय केलं होतं ते बघा! तो उल्लेख आता घातला आहे.

पुढच्या महिन्यात प्रबंधासोबतचा कोड जाहीर करायचा आहे, आणि यावेळी परवाना मी वाचून निवडतेय. मॅडमचं मत एमआयटीच्या बाजूने आहे. त्या म्हणतात, "जनतेच्या पैशातून झालेलं काम आहे. उद्या एखाद्या तपासणी यंत्र बनवणाऱ्या कंपनीला ते वापरावंसं वाटलं तर तिला अडवू नकोस." मुद्दा बिनतोड आहे. तरी मी जीपीएल घेणार आहे. दीडशे रुपये घेणाऱ्यावर माझा राग आता राहिला नाही. पण आमच्या ज्युनिअरला तो कोड उघडून बघता येत नाही, कडेच्या कॉलन्यांची दुरुस्ती आमच्या प्लेट्ससाठी तपासता येत नाही. मोजणी कशी झाली हे ज्याला बघता येत नाही, त्याने तो आकडा प्रबंधात कसा लिहावा? मॅडमनी 'तुझा कोड, तुझा निर्णय' म्हणून विषय सोडला आहे, पटलेलं नाही.

तुमच्यासाठी

एखादं ॲप विकत घेताना किंवा विकायला काढताना मी आता तीन गोष्टी बघते. विकणाऱ्याने हे कशावर उभं आहे ते सांगितलंय का? त्याला मिळालेले हक्क त्याने पुढे दिलेत की वाटेत अडवलेत? आणि मूळ विहिरीकडे काही परत जातंय का, पैसे, दुरुस्ती, निदान नाव? पहिल्या दोन्हींचं उत्तर बहुतेक वेळा परवान्यात असतं. तिसरं ज्याचं त्याने ठरवायचं.

मराठीतलंच एक उदाहरण देऊन थांबते. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने केलेला 'मुक्ता' हा देवनागरी फाँट मुक्त परवान्याखाली आहे. तो वापरून तुम्ही दिनदर्शिकेचं ॲप केलंत आणि विकलंत तरी चालतं. नुसता फाँट मात्र एकटा विकता येत नाही. म्हणजे त्या परवान्याने रेघ आखून दिली आहे: तुमच्या मेहनतीचे पैसे घ्या, फक्त आमच्या मेहनतीचे घेऊ नका. मला ही रेघ बरीच न्याय्य वाटते.

फोनमधलं कुठलंही ॲप उघडा, सेटिंगमध्ये बऱ्याचदा 'मुक्त स्रोत परवाने' अशा अर्थाचं एक पान असतं, ते एकदा खालपर्यंत सरकवून पाहा. कंटाळा येईल इतकी लांब यादी असते. त्या दीडशे रुपयांच्या ॲपमध्ये तिथे आता माझंही नाव आहे, खूप खाली. सूचना मात्र त्याने बदलली. आता ती नुसतं "प्लेट सरळ धरा" म्हणते.